साडूची रेषा

त्याला नावानं हाक मारणारं गावात कोणी उरलं नव्हतं. सगळे त्याला कानसेन म्हणायचे. गातो तो तानसेन आणि ऐकतो तो कानसेन, अशी ती जुनी थट्टा. पण त्याच्या बाबतीत ती बरीचशी खरी होती. बसथांब्यामागच्या गल्लीत त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं रेडिओ टेबलावर ठेवला की तो लगेच पेचकस हातात घ्यायचा नाही. आधी बटण फिरवायचा, मान तिरकी करायचा आणि डोळे मिटून नुसती खरखर ऐकत राहायचा. मग म्हणायचा, "कंडेन्सर गेलाय," किंवा "स्पीकरचा कागद फाटलाय, बाकी ठणठणीत आहे." बहुतेक वेळा तसंच निघायचं. नाही निघालं तर ते गिऱ्हाइकाला कळायचं नाही, त्यामुळे त्याचा लौकिक काही कमी झाला नाही.

पुढे रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, आणि बिघडलेली वस्तू दुरुस्त करायची असते हेच लोक विसरले. त्यानं अर्धं दुकान मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला भाड्यानं दिलं. मग उरलेलं अर्धंही त्यालाच दिलं आणि आपण दारातल्या स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारायला लागला. बायको म्हणायची, "अहो, निदान घरी तरी बसा. स्वतःच्या दुकानाबाहेर गिऱ्हाइकासारखे काय बसता?"

अशा दिवसांत टेकडीखालच्या संशोधन केंद्रातल्या मॅडम एक यंत्र घेऊन आल्या. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, त्याला हेडफोन, आणि पूर्वी घराच्या गच्चीवर असायचा तसला, पण हातात धरायचा अँटेना. यंत्राचा आवाज गेला होता. कानसेननं ते उघडलं, एक सुटलेला टाका पुन्हा डाक देऊन जोडला आणि हेडफोन कानाला लावला. खरखरीच्या मागून, फार लांबून आल्यासारखा एक ठोका येत होता. टिक. टिक. टिक.

"हा कशाचा आवाज?" त्यानं विचारलं.

"पक्ष्याचा," मॅडम म्हणाल्या.

"घड्याळ गिळलंय की काय त्यानं?"

मॅडम हसल्या. कोणीतरी मनापासून विचारतंय म्हटल्यावर त्यांनी स्टूल ओढून सगळं समजावलं. जंगलात मोठी राखी रानकबुतरं आहेत. ती फळ चावत नाहीत, अख्खं गिळतात. गर पचतो आणि बी जशीच्या तशी खाली पडते. जिथं पडते तिथं कधी कधी झाड उगवतं. पण बी नेमकी कुठं पडते हे कोणी बघू शकत नाही, कारण पक्ष्यामागं उडता येत नाही. म्हणून त्यांनी दोन कामं लावली होती. पिंजऱ्यातल्या कबुतरांना फळं द्यायची, खाली कागद अंथरायचा आणि बी पोटात किती वेळ राहते ते बघायचं. सुमारे दोन तास राहते, हे त्यांना कळलं होतं. दुसरं काम, काही मोकळ्या पक्ष्यांच्या पाठीवर छोटं यंत्र बसवायचं आणि फळ खाल्ल्यावर त्या दोन तासांत पक्षी कुठं जातो ते त्या ठोक्यावरून शोधायचं.

"पक्षी कुठं होता ते कळलं, की बी कुठं पडली त्याचा अंदाज येतो," मॅडम म्हणाल्या. "पण ऐकणारा माणूस पाहिजे. मुलं येतात, चार दिवसांत कंटाळतात. खरखरीतून ठोका निवडायचा म्हणजे चेष्टा नाही."

कानसेननं दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या सोमवारी तो केंद्रात कामाला लागला.

एका माणसानं भागत नसे. अँटेना हळूहळू फिरवायचा, ठोका जिथं सगळ्यांत मोठा येतो ती दिशा होकायंत्रावर बघायची. पण दिशा कळली म्हणजे जागा कळली असं नाही. पक्षी त्या रेषेवर जवळही असेल, लांबही असेल. म्हणून त्याच क्षणी दुसऱ्या टेकडीवरून दुसऱ्यानं दिशा घ्यायची. दोन रेषा नकाशावर ओढल्या की जिथं एकमेकींना कापतात तिथं पक्षी. हे ऐकल्यावर कानसेनला पहिली आठवण झाली ती साडूची.

साडू म्हणजे त्याच्या मेहुणीचा नवरा. दूध पोचवणारी गाडी चालवायचा. डेअरीनं गाड्या कमी केल्या तेव्हा काम सुटलं ते सुटलंच. अंगानं भारी, बोलायला सावकाश, आणि जिथं पाठ टेकेल तिथं झोपणारा. लग्नकार्यात जेवणं उरकून लोक घरी निघाले की सासुरवाडीचे म्हणायचे, आधी धाकट्या जावयाला शोधा, कुठल्यातरी गादीखाली सापडेल. पण माणूस लोण्यासारखा मऊ. कानसेनला दादा म्हणायचा. कानसेन त्याला साडूबुवा म्हणायचा, आणि चारचौघांत त्याची खेचायचा.

"मॅडम, एक माणूस आहे," त्यानं शब्द टाकला. "चुणचुणीत नाही. पण जागेवर बसवला की हलणार नाही. तुमच्या कामाला तोच गुण लागतो."

आणि तसं झालंही. कानसेन पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर, साडू बोडक्या टेकडीवर. मध्ये जंगल, जंगलापलीकडे नदी, नदीपलीकडे वर्षानुवर्षं बंद पडलेली दगडाची खाण. सकाळी उजाडता उजाडता दोघं आपापल्या जागी पोचायचे. वॉकी-टॉकीवर कानसेन म्हणायचा, "तयार?" पलीकडून सावकाश आवाज यायचा, "तयार, दादा." मग "घ्या" म्हटलं की दोघंही अँटेना फिरवायचे. मधल्या वेळात गप्पा.

"साडूबुवा, तुमच्याकडं ढग आलेत का?"

"ढगांचं माहीत नाही, दादा. डबा उघडलाय, त्यामुळं वर बघितलेलं नाही."

दुपारी मॅडम मोठा नकाशा टेबलावर पसरून पट्टीनं रेषा ओढायच्या. दोन्ही रेषा एखाद्या उंबराच्या झाडाजवळ मिळाल्या की दोघांकडे बघून नुसती मान हलवायच्या. त्या मान हलवण्याचं कानसेनला केवढं अप्रूप. घरी येऊन तो बायकोला सांगायचा, "आज एका पक्ष्याला आम्ही दोघांनी पकडून धरलं, हात न लावता." सुटीच्या दिवशी दोन्ही बहिणी पोरं घेऊन टाकीच्या टेकडीवर यायच्या, सावलीत डबे उघडायच्या, आणि धाकटी म्हणायची, "ताई, आपले नवरे एकदाचे कामाला लागले, पण काय काम करतात ते कोणाला सांगायचं? कबुतराच्या शीची वाट बघतात?" मोठी हसून हसून खोकायला लागायची. ते वर्ष तसं गेलं. कानसेनला पुढे कितीदा तरी वाटलं, की तेव्हाच कोणीतरी ते काम बंद पाडलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी फळांचा हंगाम आला तेव्हा रेषा नीट मिळेनात. कधी तळ्याच्या मधोमध मिळायच्या, कधी नकाशाच्या बाहेर जायच्या, कधी मिळायच्याच नाहीत. मॅडम पट्टी ठेवून दोघांकडे बघायच्या. कानसेननं आधी यंत्रावर संशय घेतला. वायरी बदलल्या, टाके पुन्हा मारले, हेडफोनचे जुने स्पंज काढून नवे लावले. त्याच्या कानात ठोका पूर्वीसारखा धारदार येत नव्हता, एवढं त्याला जाणवत होतं. त्या यंत्राची एक गंमत होती: बटण किंचित फिरवलं की तोच ठोका जाड व्हायचा, उलटं फिरवलं की बारीक. कानसेन तो जाड करून ऐकायला लागला. जाड ठोका त्याला यायचा, पण लांबचा असेल तर खरखरीत बुडायचा. मग तो अँटेना फिरवत राहायचा, फिरवत राहायचा, आणि वॉकी-टॉकीवर साडू "माझी झाली, दादा," म्हणाला की घाईघाईनं एखादी दिशा सांगून मोकळा व्हायचा. बहुतेक वेळा ती जंगलातल्या उंबरांकडचीच असायची. पक्षी आणखी कुठं जाणार? त्याला तो अनुभव म्हणायचा.

घरातही गोष्टी घडत होत्या, पण त्या घरातल्या असल्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. टीव्हीचा आवाज वाढला होता. एकदा बायकोनं स्वयंपाकघरातून काहीतरी विचारलं, तो म्हणाला, "हो." ती पदराला हात पुसत बाहेर आली. "हो काय हो? मी विचारलं, छत्री कुठं ठेवली." तो म्हणाला, "तेच म्हणतोय, हो, ठेवलीय." ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, मग आत गेली.

एका रविवारी साडू एकटाच घरी आला. बरोबर धाकटी नाही, पोरं नाहीत. दोघं गच्चीवर बसले. साडू बराच वेळ पाण्याच्या टाकीच्या झाकणाकडे बघत राहिला.

"दादा, राग मानू नका," तो म्हणाला. "माझ्या रेषा सारख्या खाणीकडं जातायत."

"खाणीकडं?" कानसेन हसला. "तिथं दगड खायला जातात काय कबुतरं?"

"मलाही तसंच वाटलं. म्हणून मागच्या सुटीला नदी उतरून गेलो. खाणीच्या कडेला दोनतीन वाळलेली उंच झाडं आहेत, त्यांवर बसतात ती. पोट भरलं की तिथं ऊन खात बसतात. आणि खाली रोपं आलीत, दादा. जंगलातलीच. गुडघ्याएवढी. एवढ्या लांब ती कोणी नेऊन लावली असणार?"

साडूनं आवाज आणखी खाली आणला, तेव्हा कानसेनला पुढं झुकावं लागलं.

"तुमचं यंत्र एकदा माझ्या यंत्राशी बदलून बघू या का? म्हणजे कळेल, यंत्राचं आहे, का..." तो थांबला. मग म्हणाला, "माझ्या वडलांचंही असंच झालं होतं. त्यांना आधी पाखरं ऐकू यायची बंद झाली. आम्हाला वाटलं, पाखरंच कमी झाली."

हे ऐकून कानसेनच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याला आपण कामाला लावलं, ज्याला ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर यातला फरक कळत नाही, तो आपल्याला कानाबद्दल सांगतोय. तो मोठ्यानं हसला, इतका मोठ्यानं की खालून बायकोनं वर बघितलं.

"साडूबुवा, डुलकी काढताना तुमच्या हातातला अँटेना खाणीकडं कलत असेल. जरा ताठ बसत जा. आणि कानाचं म्हणाल, तर ह्या कानांवर मी पंचवीस वर्षं घर चालवलंय."

साडूही हसला. नेहमीसारखाच, सावकाश. चहा प्यायला आणि गेला. जाताना जिन्यात म्हणाला, "मी मॅडमना काही बोललेलो नाही, दादा. आधी तुम्हाला सांगावं म्हटलं." ही गोष्ट कानसेनला त्या वेळी फारशी महत्त्वाची वाटली नाही.

हंगाम संपला तेव्हा मॅडमनी त्याला खोलीत बोलावलं. टेबलावर नकाशा होता. त्यावर न मिळणाऱ्या रेषांचं जाळं झालं होतं.

"दोघांपैकी एकाच्या दिशा चुकतायत," त्या म्हणाल्या. "कोणाच्या, ते मला कळत नाही. तुम्हाला काय वाटतं?"

कानसेन आला तेव्हा असं काही बोलायचं ठरवून आला नव्हता. पुढच्या आयुष्यात त्यानं हे स्वतःला पुष्कळदा सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण प्रश्न समोर आल्यावर त्याला गच्चीवरचं ते बोलणं आठवलं. रागही आठवला, आणि त्या रागाखाली दडलेली बारीकशी भीतीही.

"तो माझा नातेवाईक आहे, मॅडम," तो म्हणाला. "मी काय बोलणार?"

"म्हणजे?"

"माणूस चांगला आहे. पण सकाळचा वारा लागला की डोळा लागतो त्याचा. मी पाठीशी घालायचं तेवढं घातलं."

मॅडमनी मान हलवली. पण हे मान हलवणं वेगळं होतं, त्याला ते आवडलं नाही. पुढच्या हंगामाला साडूला बोलावणं आलं नाही. मॅडमनी त्याला कारण सांगितलं नाही. पैसे कमी झालेत, एकाच माणसाला ठेवता येईल, एवढंच म्हणाल्या. साडूच्या रेषा बाजूला काढून, कानसेनच्या दिशा आणि स्वतः घेतलेल्या काही दिशा यांवर त्यांनी वर्षाचा अहवाल लिहिला. त्यात असं आलं, की पक्षी नदी ओलांडत नाहीत, खाणीवर बी आपोआप पोचत नाही.

साडूनं गावात काम शोधलं, मिळालं नाही. शेवटी लांबच्या शहरात एका गोदामात पहारेकऱ्याचं काम मिळालं. बिऱ्हाड हलवलं त्या दिवशी कानसेन मदतीला गेला होता. दोघांनी मिळून कपाट उचलून टेंपोत चढवलं. साडू म्हणाला, "दादा, तुमच्या बाजूनं जरा वर घ्या." कानसेननं वर घेतलं. एवढंच बोलणं झालं. दोघी बहिणी दारात एकमेकींना धरून रडत होत्या.

घरी परत येताना बायकोनं विचारलं, "तुम्ही काही बोललात का मॅडमजवळ?"

"मी कशाला बोलू?"

तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या रात्री तिनं टीव्ही लावला नाही, आणि तो का लावला नाही हे त्यानंही विचारलं नाही.

तो नवा हंगाम सुरू झाला तेव्हा मॅडमनी एक चाचणी घ्यायचं ठरवलं. खरं तर ती आधीच घ्यायला हवी होती, हे त्या स्वतःच नंतर म्हणाल्या. पक्ष्याच्या पाठीवरचं यंत्र एका झाडावर बांधून ठेवायचं. ते कुठं आहे हे फक्त मॅडमना माहीत. बाकी, अधूनमधून येणाऱ्या मुलांसकट, जेवढे लोक दिशा घेतात त्या सगळ्यांनी एकेक करून दिशा घ्यायची. कोण किती चुकतो ते कळलं, म्हणजे आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा ते ठरेल.

केंद्रामागच्या मैदानात सगळे जमले. मॅडमनी ऐकायचं यंत्र तयार ठेवलं होतं. "एक अट," त्या म्हणाल्या. "बटणाला कोणी हात लावायचा नाही. सगळ्यांना सारखं ऐकू आलं पाहिजे."

कानसेनची पाळी पहिली होती. तोच सगळ्यांत जुना. त्यानं हेडफोन चढवला, सवयीनं मान तिरकी केली, डोळे मिटले. खरखर होती. त्यानं अँटेना डावीकडे नेला. खरखर. उजवीकडे नेला. नुसती खरखर, लांबवर पाणी वाहावं तशी. त्याचं बोट आपोआप बटणाकडे गेलं आणि परत आलं. सगळा एक फेरा पूर्ण झाला.

"यंत्र बंद पडलंय," तो म्हणाला, आणि डोळे उघडले.

मॅडम त्याच्याकडे बघत नव्हत्या. यंत्राच्या तोंडावर छोटी सुई असते. ठोका जवळचा आणि जोरदार असेल तर ती उडते. ती उडत होती. एका तालात, न चुकता. त्यांनी हात पुढे करून हेडफोन घेतला, कानाला लावला, क्षणभर ऐकलं आणि काढला. आजूबाजूचे लोक बोलायचे थांबले होते, हे कानसेनला ऐकू येण्याआधी दिसलं.

"तुम्हाला काहीच येत नव्हतं?" मॅडमनी हळू विचारलं.

तो म्हणाला, "सर्दी झालीय." मग म्हणाला, "नाही."

मॅडमनी सगळ्यांना चहाला पाठवलं. दोघं मैदानातल्या बाकावर बसले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"मला सांगायचं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या.

"मला माहीत नव्हतं."

"अजिबात?"

त्यावर त्यानं गच्चीवरची गोष्ट सांगितली: खाणीकडच्या रेषा, वाळलेली झाडं, गुडघ्याएवढी रोपं. आपण साडूबद्दल जे बोललो ते तर त्यांना माहीतच होतं. मॅडम सगळं ऐकत होत्या आणि हातातली पेन्सिल टोकाकडून टोकाकडे फिरवत होत्या.

"त्यांच्या रेषा बरोबर असणार म्हणजे," त्या म्हणाल्या. "पण आता काही करता येत नाही. एका रेषेनं जागा ठरत नाही हो. दुसरी तुमची होती."

त्याच आठवड्यात त्या खाणीवर गेल्या. कानसेनही गेला. नगरपालिकेनं ती जागा हिरवी करायची ठरवली होती आणि अहवालात तर स्पष्ट लिहिलं होतं, की इथं आपोआप काही उगवणार नाही. तेव्हा आधी मशीन लावून झुडपं साफ केली होती, जमीन सपाट केली होती, आणि आता ओळीनं खड्डे घेऊन एकाच जातीची नर्सरीतली झाडं लावणं चाललं होतं. वाळलेली उंच झाडंही धोकादायक म्हणून पाडली होती. कडेला मातीचा ढीग होता. मॅडमनी त्यात काठीनं उकरलं. चिरडलेली रोपं निघाली, काहींची मुळं अजून ओली होती. एका रोपाच्या बुडाशी बीचं टरफल चिकटलेलं होतं. त्यांनी ते कागदात गुंडाळलं.

बायको त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच आवाज आधी जातात. बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. बायकोनं विचारलं, "दुसऱ्यांना लागतो का?" डॉक्टर म्हणाले, "घरच्यांना लागतो." तिनं नवऱ्याकडे बघितलं. घरी आल्यावर त्यानं तिला मॅडमजवळ बोललेलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "माझी बहीण आहे ती." आणि मग पुष्कळ दिवस त्यांच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं.

दोन्ही कानांत यंत्र बसल्यावर तो साडूकडे गेला. शहराच्या टोकाला गोदाम होतं, पत्र्याचं, रेल्वेच्या डब्यासारखं लांबच लांब. फाटकापाशी एक खोली, तिच्यात टेबल, खुर्ची आणि पंखा. साडू गणवेशात होता. तो बारीक झाला होता आणि जागा होता.

"या दादा," तो म्हणाला, जणू कालच भेटले होते. खुर्ची त्याला दिली आणि स्वतः उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसला.

कानसेननं वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं. पण सुरुवातच अशी झाली: "साडूबुवा, तुमच्या रेषा बरोबर होत्या."

"हं," साडू म्हणाला. "होत्या."

"मी मॅडमना सांगितलं होतं, की तुम्ही झोपता."

"माहीत आहे."

"त्यांनी सांगितलं?"

"नाही. दुसरं काय सांगितलं असणार तुम्ही? माझ्याबद्दल सगळे तेच सांगतात." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आणि झोपायचो मी, खोटं कशाला बोलू. पण दिशा घेऊन झाल्यावर."

"मग तुम्ही मॅडमकडं का नाही गेलात? एक शब्द बोलला असतात तर..."

साडूनं फाटकाकडे बघितलं. एक ट्रक आला होता. तो उठला, कागद बघितले, फाटक उघडलं, बंद केलं, परत येऊन बसला.

"कसा जाऊ, दादा? तुम्ही मला तिथं नेलं. तुमच्याच कानाबद्दल मी जाऊन सांगायचं? एकदा तुम्हाला सांगितलं, तुम्ही हसलात. मला वाटलं, घरी गेल्यावर विचार कराल. मी वाट बघितली."

कानसेनच्या नव्या यंत्रात प्रत्येक गोष्ट नको तितकी स्पष्ट येत होती: पंख्याची कुरकुर, बाहेरचे ब्रेक, साडूचा श्वास. तो म्हणाला, "मॅडम तुम्हाला परत बोलावतायत. मी विचारून आलोय. पगार वाढवून देतील."

साडू बराच वेळ विचार करत राहिला. तो खरंच विचार करत होता, नाही म्हणायला शब्द शोधत नव्हता.

"पोरांच्या शाळा लागल्यात इथं," तो शेवटी म्हणाला. "हिनं शिवणाचे क्लास सुरू केलेत. आता पुन्हा सगळं उचलायचं म्हणजे..." मग म्हणाला, "काम चांगलं होतं ते. सकाळी टेकडीवर गेलं की कसं मोकळं वाटायचं. तसं पुन्हा मिळायचं नाही म्हणा."

घरी जेवायला चला म्हणाला. कानसेन गेला. धाकटीनं नीट वाढलं, ताईची चौकशी केली, पण त्याच्या ताटाकडे बघूनच बोलत राहिली.

कानसेन केंद्रात राहिला. मॅडमनी त्याला बियांच्या खोलीत काम दिलं: पक्ष्यांची विष्ठा चाळणीत धुवायची, बिया निवडायच्या, वाळवायच्या, ट्रेमध्ये पेरायच्या. त्याला तिथं काही ऐकायचं नसे. तो ते मन लावून करायचा आणि दुसऱ्यांशी कमी बोलायचा. गावात मात्र त्याला अजून कानसेनच म्हणत. हाक ऐकली की आताशा तो लगेच वळून बघत नसे.

दोन्ही बहिणींचं पुन्हा सुरू झालं. कोणाच्या आजारपणात, कोणाच्या लग्नात त्या भेटायच्या, रात्रभर गप्पा मारायच्या. दोन साडूही भेटायचे, एकमेकांची तब्येत विचारायचे, शेजारी शेजारी बसायचे. कोणी कोणाची खेचत नसे. नव्या पोरांना वाटायचं, दोघं स्वभावानंच अबोल असतील.

काही वर्षांनी नवी यंत्रं आली. पक्ष्याच्या पाठीवर बसवलं की ती स्वतःच आपली जागा उपग्रहाकडून समजून घ्यायची आणि साठवून ठेवायची. टेकडीवर कोणी जायची गरज राहिली नाही. मॅडमनी कानसेनला मुद्दाम खोलीत बोलावून पडदा दाखवला. जंगलावर ठिपके होते, नदीवर नव्हते, आणि नदीपलीकडे, खाणीच्या वरच्या अंगाला, साफ न केलेल्या एका कड्यावर पुन्हा ठिपक्यांचा दाट पुंजका होता.

त्या संध्याकाळी त्यानं साडूला फोन लावला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "मॅडमनी आज दाखवलं. पक्षी खाणीवरच जातात. अजूनही."

"बरं झालं," साडू म्हणाला. मग विचारलं, "तुमचा गुडघा कसा आहे, दादा?"

गुडघ्याबद्दल बोलून झालं, पावसाबद्दल झालं, फोन ठेवला. बायको चष्मा पुसत समोर बसली होती.

"काय म्हणाले?"

"काही नाही," कानसेन म्हणाला. "बरं झालं म्हणाले."